अर्धं तिकीट

एस.टी.च्या अर्ध्या तिकिटाबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. पाच ते बारा वर्षांच्या पोराला निम्म्या पैशांत पुण्याहून साताऱ्याला पोचवायची कल्पना ज्या कुणाला सुचली, त्याच्या घरी पोरं असणार, आणि ती एकाहून जास्त असणार. पुढे या सवलतीत ज्येष्ठ नागरिक आले, २०२३ च्या मार्चपासून समस्त महिलावर्ग आला, आणि बसमध्ये पूर्ण तिकीट काढणारा इसम जरा केविलवाणाच दिसू लागला. पण अर्ध्या तिकिटाची खरी थोरवी स्वस्ताईत नाही. अर्धं तिकीट काढलं म्हणून कंडक्टर तुम्हांला शिरवळला उतरवत नाही. बस साताऱ्यापर्यंत जाते ती सगळ्यांना घेऊनच जाते. सवलत पैसे घेताना दिली, प्रवास मात्र पुरता घडवला!

पुस्तकांच्या बाजारात नेमका याच्या उलट कारभार चालतो. तिथे वाचकाकडून पूर्ण तिकिटाचे पैसे घेतात आणि सवलत देतात ती लेखकाला. ‘‘लेखक अवघा पंधरा वर्षांचा होता हो!’’ असं कुणी म्हणालं की आपण ताबडतोब माना डोलवायच्या आणि शिरवळला उतरून, बॅग सांभाळत, उरलेली वाट चालत जायची. माझं भांडण या प्रकाराशी आहे. आणि भांडायचंच तर एखाद्या किरकोळ पुस्तकाशी कशाला भांडायचं, म्हणून मी ते ‘एरागॉन’शी भांडणार आहे.

‘एरागॉन’ ही कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली इंग्रजी अद्भुत कादंबरी. २००३ नंतर काही वर्षं तिचा असा काही बोलबाला होता की माझ्या धाकट्या चिरंजिवांनी आपल्या खाऊच्या पैशांतून ती विकत घेतली. ती अजून आमच्या कपाटात आहे. परवा माझी नात, म्हणजे थोरल्या मुलीची मुलगी, वय वर्षं तेरा, सुट्टीला आली आणि मामाच्या कपाटातून तिने नेमकं हेच पुस्तक बाहेर ओढलं. मुखपृष्ठावर निळा ड्रॅगन असला की मुलांचा हात बरोबर तिथेच जातो. ती वाचून बाजूला ठेवी तेव्हा मी उचलत असे. असं आम्ही दोघांनी मिळून ते पाचशे पानांचं प्रकरण आठ दिवसांत पार पाडलं.

आता कादंबरीतली गोष्ट सांगण्याआधी कादंबरीविषयी जी गोष्ट सांगितली जाते ती सांगतो. कारण जास्त खपली ती हीच.

ख्रिस्तोफर पाओलिनी हा १९८३ साली जन्मलेला मुलगा. राहणार पॅराडाइज व्हॅली, माँटाना, अमेरिका. शाळेत न जाता घरीच शिकला आणि पंधराव्या वर्षी त्याचं शालेय शिक्षण संपलं. आपल्याकडे अशा मुलाला दुसऱ्या दिवशी क्लासला घातला असता. त्या खोऱ्यात तशी सोय नसावी, त्यामुळे त्याने कादंबरी लिहायला घेतली. वर्षभर लिहिली, वर्षभर सुधारली, आणि २००२ साली घरच्यांनीच ती छापली. त्या आवृत्तीचं मुखपृष्ठ त्याने स्वतः काढलं, आतला नकाशाही त्याचाच. मग पुस्तकं घेऊन कुटुंब गावोगाव हिंडलं. हा मुलगा तांबडा सदरा, काळी घोळदार विजार आणि बूट असा जुन्या काळच्या सरदारासारखा पोशाख करून शंभराहून अधिक शाळांतून, वाचनालयांतून आणि पुस्तकांच्या दुकानांतून बोलला. स्वखर्चाने पुस्तक छापून स्वतःच पिशवीतून विकणारे मराठी लेखक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या चिकाटीत काही कमी नाही. पोशाखाचं तेवढं कुणाला सुचलं नाही.

पुढे कार्ल हायासन हे नावाजलेले अमेरिकन कादंबरीकार माँटानाला सुट्टीवर आले असताना त्यांच्या सावत्र मुलाने हे पुस्तक घेतलं. त्याला ते बेहद्द आवडलं. हायासनांनी न्यूयॉर्कच्या नॉफ या प्रकाशनसंस्थेच्या कानावर घातलं आणि २००३ च्या ऑगस्टमध्ये ‘एरागॉन’ थाटामाटात बाजारात आलं. लेखक तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

इथवर माझी काहीही तक्रार नाही. एका मुलाने पुस्तक वाचलं आणि ‘हे भारी आहे’ म्हणून घरातल्या मोठ्यांच्या मागे लागला, यापेक्षा चांगली शिफारस कुठल्या पुस्तकाला मिळणार? आणि तो मुलगा आधी लेखकाचा जन्माचा दाखला मागून मग पहिलं पान उलटणारा असेल, असं मला तरी वाटत नाही. मुलं असलं काही करत नाहीत. वयाची पाटी लावली ती मोठ्या माणसांनी. वर्तमानपत्रवाल्यांना ‘पंधरा वर्षांच्या मुलाची कादंबरी’ ही बातमी कादंबरीपेक्षा सोपी. बातमी लिहायला पाचशे पानं वाचावी लागत नाहीत. २०११ साली तर गिनेसवाल्यांनीही सर्वाधिक खपाच्या पुस्तकमालेचा सर्वांत लहान लेखक म्हणून त्याची नोंद केली. म्हणजे सर्वांत लांब मिशा, सर्वांत मोठा भोपळा आणि सर्वांत लहान लेखक, सगळे एका पंगतीला!

बरं, मग पुस्तक कसं आहे?

सुरुवातीची शंभरएक पानं झकास आहेत. हे मी वयाबियाची सवलत न देता, पूर्ण तिकिटाच्या हिशेबाने सांगतोय. एरागॉन हा पंधरा वर्षांचा शेतकऱ्याच्या घरातला पोरगा. मामाकडे वाढलेला. डोंगरात शिकारीला गेला असता त्याला एक निळा, गुळगुळीत दगड सापडतो. हिवाळ्याची बेगमी करायला पैसे नाहीत, म्हणून तो दगड विकायला बघतो. गिऱ्हाईक मिळत नाही. आणि एके रात्री तो दगड फुटून त्यातून ड्रॅगनचं पिल्लू बाहेर येतं. आता घरात न सांगता मांजर पाळणं किती अवघड असतं हे ज्याने लहानपणी केलंय त्यालाच ठाऊक. इथे तर ड्रॅगन! त्याला रानात लपवायचं, चोरून खायला न्यायचं, आणि ते तर आज कुत्र्याएवढं, उद्या घोड्याएवढं वाढत चाललेलं. ही सगळी पानं वाचताना माझी नात जेवायला उठत नव्हती आणि मी तिला उठवत नव्हतो, कारण मग पुस्तक तिने सोबत नेलं असतं.

यात नाव ठेवण्याचा प्रसंग तर फारच गोड आहे. पोरगा जुन्या थोर ड्रॅगनांची एकेक भारदस्त नावं सुचवतो आणि पिल्लू एकेक नापसंत करतं. शेवटी त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो की अरे, ही मुलगी आहे! मग ‘साफिरा’ हे नाव पसंत पडतं. आमच्याकडे बारशाच्या आदल्या रात्री साधारण असंच चाललं होतं, फक्त मुलगी आहे हे आधीपासून माहीत होतं.

आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडली. या पुस्तकातली जादू फुकट नाही. एखादं काम हाताने करायला जेवढी ताकद लागेल तेवढीच ते मंत्राने करायलाही लागते, आणि झेपेल त्यापेक्षा मोठं काम अंगावर घेतलं तर मंत्र म्हणणारा मरू शकतो. मंत्राला असा घाम फुटतो हे मुलांना फार चटकन पटतं. नातीने ताबडतोब प्रश्न टाकला, ‘‘आजोबा, म्हणजे मंत्र म्हणून गृहपाठ केला तरी हात दुखणारच ना?’’ दुखणारच, म्हटलं.

पण मग मामाचं घर जळतं, मामा मरतो, आणि पोरगा ब्रॉम नावाच्या म्हाताऱ्या गोष्टीवेल्हाळाबरोबर बाहेर पडतो. इथे आलं शिरवळ!

यानंतर ते दोघं हिंडतात. डोंगर ओलांडतात, मैदान ओलांडतात, गावात शिरतात, गावातून पळतात, पुन्हा मैदान. रोज संध्याकाळी शेकोटी, शेकोटीनंतर काठ्यांची तलवारबाजी, आणि तलवारबाजीनंतर पोराने काही महत्त्वाचं विचारलं की म्हातारा ‘ते नंतर सांगेन’ या धर्तीचं उत्तर देणार. म्हाताऱ्याने वेळच्या वेळी उत्तरं दिली असती तर शंभर पानं वाचली असती. नायक तर इतक्या वेळा बेशुद्ध पडतो की मला त्याच्या रक्तदाबाची काळजी वाटू लागली. टीर्म नावाच्या गावात अक्षरशत्रू एरागॉन थोड्याच दिवसांत वाचायला शिकतो. आमची ही पस्तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवत होती. हा मजकूर तिला दाखवला तर तिने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, ‘‘अहो, त्या म्हाताऱ्याला आमच्या शाळेत पाठवा.’’

आता या पुस्तकावर आणखी एक मोठा आरोप आहे, तो उसनवारीचा. मला तो आरोप जसाच्या तसा मान्य नाही. हे खरं की १९७७ चा ‘स्टार वॉर्स’ पाहिलेल्या माणसाला इथे वारंवार ओळखीचे चेहरे भेटतात. काकामामाकडे वाढलेला खेडवळ पोरगा, शत्रूच्या तावडीत सापडण्याआधी मोलाची वस्तू दूर पाठवून देणारी राजकन्या, जुन्या वीरांच्या पंथातला शेवटचा म्हातारा, जळलेलं घर, वाटेत म्हाताऱ्याचा मृत्यू, कैदेतून राजकन्येची सुटका, आणि शेवटी बंडखोरांच्या गुप्त ठाण्यावर लढाई. एल्फ, बुटके, नकाशा आणि नवी भाषा टॉल्किनच्या घरची. अंड्यातून निघताक्षणी माणसाशी मनाने जोडला जाणारा ड्रॅगन अ‍ॅन मॅकॅफ्रीने १९६८ सालीच आणला होता, आणि वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर सत्ता चालते हे त्याच साली उर्सुला ल ग्विनने लिहून ठेवलं होतं. खुद्द ‘एरागॉन’ हे नावसुद्धा इंग्रजी ‘ड्रॅगन’ शब्दातलं पहिलं अक्षर काढून वर्णमालेतलं पुढचं बसवून केलंय.

पण उसनं घेण्यात पाप काय आहे? ज्या ‘स्टार वॉर्स’कडून घेतलं म्हणून ओरड चालली आहे, त्याने स्वतः कुरोसावाच्या १९५८ च्या ‘हिडन फोर्ट्रेस’कडून घेतलंच होतं. आणि आपण तर कीर्तन ऐकत वाढलेली माणसं. सुदामा पोहे घेऊन जाणार आणि कृष्ण ते खाणार हे सगळ्या देवळाला पाठ असतं, तरी बुवा चांगले असले की डोळ्यांत पाणी येतं. अडचण उसनं घेण्याची नाही. पूर्वी लग्नकार्यात शेजारपाजारची पातेली आणायचे आणि प्रत्येक पातेल्यावर मालकाचं नाव कोरलेलं असायचं. पंगतीला बसलेल्याला श्रीखंड चांगलं लागलं पाहिजे. त्याला पातेल्यावरची नावं वाचायला सवड मिळता कामा नये. ‘एरागॉन’च्या पहिल्या शंभर पानांत मी एकही नाव वाचलं नाही. पुढच्या चारशे पानांत वाढपी इतका सावकाश येतो की सगळी नावं वाचून झाली.

आणि कुठली पानं जिवंत आहेत बघा. बर्फातली शिकार, डोंगर, थंडी, हिवाळ्याआधीची तंगी. हा मुलगा असल्याच डोंगरांच्या कुशीत राहत होता. पुढच्या कंटाळवाण्या भागातही एक अँजेला नावाची जडीबुटीवाली भेटते आणि एकदम जान येते. कशी फटकळ, तऱ्हेवाईक बाई! तर ती लेखकाने आपल्या सख्ख्या बहिणीवरून घेतली आहे, नावासकट. म्हणजे जे घरचं होतं ते पंधराव्या वर्षीही पक्कं उतरलं. ‘वयाच्या मानाने’ हे शब्द तिथे आठवतसुद्धा नाहीत.

हे सगळं मी जेवताना मांडलं तेव्हा चिरंजीव म्हणाले, ‘‘बाबा, तुम्ही पण ना! पंधरा वर्षांचा मुलगा होता तो. त्या वयात तुम्ही काय करत होता?’’

मी त्या वयात सायकलची चेन बसवत होतो. पण हा प्रश्नच गैरलागू आहे. मी सायकलची चेन विकायला न्यूयॉर्कला पाठवली नव्हती.

आणि पंधरा वर्षांचं कौतुक निदान मराठी माणसाला तरी सांगू नये. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात एका मुलाने नऊ हजारांच्या आसपास ओव्यांचा ग्रंथ सांगितला. परंपरेचा हिशेब धरला तर वय पंधरा. सातशेहून अधिक वर्षं लोक तो ग्रंथ डोक्यावर घेतायत, आणि ‘वयाच्या मानाने बरा आहे’ असा अभिप्राय कुणी दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पंधरा वर्षांच्या त्या मुलाला आपण बाळ म्हटलं नाही, माउली म्हटलं.

ज्ञानेश्वरांची बरोबरी कुणाशी करायची नाही हे मलाही कळतं. मग जरा जवळचं बघा. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांनी कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकरांनी त्यांना ‘बालकवी’ म्हटलं. नावातच अर्धं तिकीट! ते बिचाऱ्यांना जन्मभर चिकटलं. पण त्यांची कविता वाचताना कुणी ‘बाल’ला सवलत देत नाही, ‘कवी’कडेच बघतो. अमेरिकेतलंच उदाहरण हवं असेल तर एस. ई. हिंटन. तिची ‘द आउटसायडर्स’ १९६७ साली आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. लेखक मुलगी आहे हे चटकन कळू नये म्हणून पुस्तकावर नुसती आद्याक्षरं छापली. आणि ते पुस्तक आजही वाचलं जातं.

तुम्ही म्हणाल, एवढं चिडायला झालंय काय? एका पोराचं जरा जास्त कौतुक झालं, बिघडलं कुठे?

बिघडतं. कसं, ते सांगतो. ही जी आमची नात, तीही गोष्टी लिहिते. दोनशे पानी वही आहे. याच सुट्टीत एका संध्याकाळी घरी दहाबारा पाहुणे असताना तिला गोष्ट वाचायला लावली. विहिरीत राहणाऱ्या एका हडळीची गोष्ट होती. वाचून संपताच टाळ्या. ‘‘या वयात काय कल्पनाशक्ती!’’, ‘‘काय इंग्रजी आणि मराठी दोन्ही!’’, ‘‘आमच्या वेळी नव्हतं बाई असं.’’ एका काकूंनी तर पन्नासाची नोट काढून दिली. सगळे खूश. कार्टी मात्र गप्प. रात्री वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘आजोबा, हडळ शेवटी विहिरीत परत का जाते हे कुणी विचारलंच नाही.’’

‘‘मी विचारतो,’’ मी म्हटलं. ‘‘का जाते?’’

‘‘तेच तर मला जमलं नाहीये.’’

‘‘जमलेलं नाहीच. मधला जत्रेचा भागही लांबलाय.’’

तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. मग तिथेच बसून अकरा वाजेपर्यंत माझ्याशी हुज्जत घातली. जत्रा का हवी, हडळीला कंदिलाची भीती का वाटते, सगळं. दुसऱ्या दिवशी जत्रेची तीन पानं फाडलेली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. ‘या वयात’ म्हणून टाळ्या वाजवणाऱ्याने गोष्ट ऐकलेलीच नसते. त्याने वय ऐकलेलं असतं. लिहिणाऱ्या पोराला हे लगेच कळतं. आणि वाचणाऱ्या पोरांचं काय? ‘एरागॉन’ ज्यांच्यासाठी छापलं तीही त्याच वयाची. त्यांना कुणी सांगितलं नाही की बाबांनो, अधलंमधलं चालवून घ्या. त्यांनी खाऊचे पूर्ण पैसे मोजले आणि पूर्ण लक्ष देऊन वाचलं. मुलांना काय, काहीही चालतं, असं जे समजतात त्यांनी एकदा तेरा वर्षांच्या मुलीबरोबर एकच पुस्तक आलटूनपालटून वाचून बघावं. म्हाताऱ्याची टोलवाटोलवी माझ्या आधी दोन दिवस नातीने पकडली होती.

तेव्हा गाजावाजा झाला तेवढं पुस्तक आहे का, या प्रश्नाला माझं उत्तर: नाही. जेवढं चांगलं आहे तेवढ्याचा मात्र कुणी नीट गाजावाजाच केला नाही. साफिराचा ढोल वाजवायचा सोडून जन्मतारखेचा वाजवला. यात त्या मुलाचा दोष नाही. त्याने नेटाने लिहिणं चालू ठेवलं. तीन भागांची म्हणून सांगितलेली मालिका चार भागांची झाली आणि २०११ साली एकदाची संपली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच जगातलं ‘मर्टाग’ हे पुस्तक आलं तेव्हा पाओलिनी चाळिशीला टेकले होते. चाळिशीच्या माणसाला कुठल्याच बसमध्ये अर्धं तिकीट नाही. बरंच झालं. आता निदान पुस्तकाबद्दल बोलतील.

प्रकाशक मंडळींना मात्र एक सुचवून ठेवतो. लेखकाचं वय छापायचंच असेल तर खुशाल छापा, पण मग किंमतही त्याच हिशेबाने निम्मी छापा. मी मुकाट्याने शिरवळला उतरेन. आणि पूर्ण पैसे घेणार असाल तर मला साताऱ्यापर्यंत सोडा.